गच्चीवरच्या उन्हाची उस्तवार

नवरात्र सरता सरता मी रत्नागिरीला आतेभावाकडे गेलो होतो. मांडवीच्या अलीकडे त्यांचे घर. गच्चीवर उभे राहिले की एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला नारळांचे शेंडे. पाऊस ओसरला होता आणि वहिनींची दिवाळीची साफसफाई सुरू झाली होती. भर दुपारी बारा वाजता पुतण्या रबरी नळी, खराटा आणि कपडे धुण्याची पावडर घेऊन जिना चढू लागला. २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांचे अनुदान मिळते, म्हणून दादांनी सोलरची सहा पॅनेले बसवून घेतली होती. ती धुवायची होती.

नेमके त्याच वेळी वायरमनकाका दारात आले. देवघरातले बटण बिघडले होते म्हणून वहिनींनी त्यांना बोलावले होते.

"अरे बाळा, थांब! आधी खाली उतर."

"काका, सकाळपासून लाइट गेलीय. आता कसली भीती?"

"गेलीय ती महावितरणची. वरची कुठे गेलीय?"

वाचकहो, साऱ्या गोष्टीची मेख इथेच आहे. घरातली वीज बटण दाबले की बंद होते. पॅनेलला बटण नाही. उजेड पडला की ते वीज करणारच. सहा पॅनेले एकापुढे एक जोडली की दुपारी त्यांच्या तारांत अडीचशेहून अधिक व्होल्टचा दाब असतो. खालचा स्विच बंद केला तरी पॅनेलपासून त्या स्विचपर्यंतची तार जिवंतच राहते. शिवाय ही डीसी वीज. घरातल्या एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून तिची ठिणगी विझायला वाव मिळतो. डीसीची ठिणगी एकदा पेटली की तशीच जळत राहते. प्रवाह चालू असताना वरचे कनेक्टर ओढून काढणे म्हणजे हातात आग धरणे.

"मग लाइट गेल्यावर आमच्या घरात अंधार का?" वहिनींचा प्रश्न अगदी रास्त होता. एवढे पैसे घातले आणि पावसाळ्यात मेणबत्त्या त्या मेणबत्त्याच! काका हसले. "वहिनी, बाहेर लाइनमन तार जोडत असतो. तुमच्या गच्चीवरची वीज उलटी त्या तारेत गेली तर त्याचे काय होईल? म्हणून लाइन गेली की इन्व्हर्टर आपणहून थांबतो." बॅटरीची वेगळी सोय असेल तरच घरापुरता उजेड मिळतो. यावर दादासुद्धा गप्प झाले.

उन्हापासून वीज निघते हे फ्रान्समधल्या बेकरेलने १८३९ मध्ये पाहिले. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनचा घट जगाला दाखवला तो १९५४ मध्ये. तो उन्हाचा जेमतेम सहा टक्के भाग विजेत बदलत असे. आजची घरगुती पॅनेले वीस टक्क्यांच्या पुढे गेली आहेत. पण कोकणातला खारा वारा प्रयोगशाळेत नसतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता काका पुन्हा आले. आधी इन्व्हर्टरचा एसी स्विच, मग डीसी स्विच बंद केला. पाच-सहा मिनिटे थांबले, रबरी हातमोजे चढवले आणि मग वर गेले. मी त्यांच्या मागे, हात पाठीशी बांधून! काचांवर मिठाचा पांढुरका थर होता, त्यावर कावळ्यांचा प्रसाद. एका पॅनेलवर नारळाची झावळी पडलेली. अशी सावली एका कोपऱ्यावर पडली तरी साऱ्या रांगेची वीज घटते, आणि झाकलेला भाग तापून काच डागाळते. लोखंडी सांगाड्याचे दोन बोल्ट गंजून ढिले झाले होते. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडची छपरे कशी उडवली, ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. सहा पॅनेले म्हणजे वाऱ्यापुढे धरलेले शीडच!

खरा धोका मात्र शेवटी सापडला. बसवणाऱ्याने एक कनेक्टर नीट दाबलाच नव्हता. त्याचे प्लॅस्टिक काळे पडून वितळू लागले होते. प्रवाह शून्य असल्याची क्लॅम्प मीटरवर खात्री केल्यावरच काकांनी त्याला हात लावला. अर्थिंगची पट्टीही हिरवी पडली होती. परतीच्या पावसातल्या विजा आठवून मला तर घामच फुटला.

घरच्यांचे काम काका सांगून गेले ते असे: धुवायचे ते सकाळी लवकर, काच थंड असताना, कारण तापलेल्या काचेवर थंड पाणी पडले की ती तडकू शकते. गोडे पाणी आणि मऊ फडके पुरे. विहीर मचूळ असेल तर ते पाणी नको, पावडर आणि खराटा तर नकोच. पॅनेलवर पाय द्यायचा नाही. काच फुटली किंवा तार सोलली दिसली तर हात न लावता वायरमनला बोलवायचे. ओल्या गच्चीवर तर त्या बाजूला फिरकायचेही नाही. वर्षातून दोनदा, पावसाच्या आधी आणि नंतर, जाणत्याकडून बोल्ट, कनेक्टर व अर्थिंग तपासून घ्यायचे.

रोजचे युनिट लिहून ठेवायचे काम वहिनींनी आपण होऊन घेतले. स्वच्छ उन्हात दर किलोवॅटला दिवसाला साधारण चार युनिट मिळावेत. त्यांच्याकडे आठच पडत होते. मी निघालो त्या दिवशी दुधाच्या हिशेबाशेजारी, दिनदर्शिकेवर त्यांनी आकडा लिहिला होता: १२. गच्चीच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली वहिनींच्या कमरेला.