सुगंधाचंही वजन असतं!

साबणाच्या रेसिपीत ‘सुगंधी तेल दोन झाकणं’ असं लिहिलंय? मग तिथंच थांबा! कुठल्या बाटलीचं झाकण? केवढं? साताऱ्यातल्या मैत्रिणीचा साबण झकास जमतो आणि तीच रेसिपी सांगलीत तुम्ही केली, की वास डोक्यात जातो. गडबड बऱ्याचदा त्या झाकणातच असते.

गंमत बघा. संत्र्याचं तेल पाण्यापेक्षा हलकं. 15 मिलिलिटर घेतलं तर भरतं साधारण 12.6 ग्रॅम. लवंगेचं तेल पाण्यापेक्षा जड. ते तेवढंच घेतलं तर भरतं 15.7 ग्रॅमच्या आसपास. माप एकच, फरक तीन ग्रॅमचा! थेंबांचं तर विचारूच नका. तेल पातळ की दाट, ड्रॉपरचं तोंड केवढं, यावर थेंब लहान-मोठा होतो.

मग हिशेब कसा करायचा? घरगुती कोल्ड प्रोसेस साबणात खोबरेल, एरंडेल अशा मूळ तेलांच्या एकूण वजनाच्या 3 टक्के सुगंधी तेल बरेच जण धरतात. म्हणजे 500 ग्रॅम तेलांना 15 ग्रॅम. पण हा आकडा सरसकट लावू नका. विकणाऱ्याकडून त्या सुगंधाचं ‘इफ्रा’ प्रमाणपत्र मागून घ्या आणि त्यात साबणासाठीचा, म्हणजे कॅटेगरी 9 चा आकडा बघा. इथं एक मेख आहे. ती टक्केवारी तयार मालाच्या वजनावर असते, नुसत्या तेलावर नाही. कॉस्टिक सोडा आणि पाणी धरून तुमचं मिश्रण 730 ग्रॅम होत असेल आणि मर्यादा 1 टक्का असेल, तर 7 ग्रॅमवर थांबायचं. पुढं गेलात तर खाज, पुरळ उठू शकतं. लवंगेसारखं तेल जास्त पडलं तर साबण साच्यात जायच्या आधी भांड्यातच घट्ट होतो, तो त्रास वेगळाच.

काटा कोणता घ्याल? स्वयंपाकघरातला 1 ग्रॅमचा काटा मूळ तेलांना ठीक. पण 100 ग्रॅम तेलांचा छोटा घाणा करताना सुगंध लागतो 3 ग्रॅम. तिथं 1 ग्रॅम चुकला म्हणजे तिसरा हिस्सा चुकला! त्यासाठी 0.1 किंवा 0.01 ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. काट्यावर काचेची वाटी ठेवा, ‘टेअर’ दाबून आकडा शून्यावर आणा, मग हळूहळू तेल ओता. थर्माकोलचा कप नको, काही सुगंधी तेलं तो विरघळवतात. काट्याबद्दल शंका आली तर 2011 नंतरचं दहा रुपयांचं नाणं ठेवून बघा. साधारण 7.7 ग्रॅम दिसायला हवं.

प्रत्येक घाण्याचे आकडे वहीत तारखेसह लिहून ठेवा. गिऱ्हाईक ‘मागच्यासारखाच द्या’ म्हणेल, तेव्हा हीच वही कामी येईल. आणि हो, साबण विकायचा असेल तर 2020 च्या सौंदर्यप्रसाधने नियमांनुसार परवाना लागतो. अन्न व औषध प्रशासनाकडे आधी चौकशी करा.

साताऱ्याचे कंदी पेढे असोत की सांगलीची हळद, काट्यावर ठेवल्याशिवाय आपण पैसे देत नाही. मग लोकांच्या अंगाला लागणारा साबण तरी अंदाजपंचे कशाला?