'तिला काही सांगू नका'

पालघर-बोईसरकडे एखाद्या घरी चौकशी केली आणि 'टाटाला नेलंय' एवढंच उत्तर आलं, की पुढचं कुणी विचारत नाही. परळच्या या कॅन्सर रुग्णालयाचं नाव ऐकलं की आजार कळतो. तरीही त्याच घरातला नवरा डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतो, "तिला काही सांगू नका हो, हाय खाईल." ती बाहेर बाकावर असते. शेजारी केस गेलेल्या बायका, समोर केमोथेरपीच्या पाट्या. तिला सगळं कळलेलं असतं, पण तीही गप्प राहते, कारण आपण बोललो तर हे खचतील. दोघं एकमेकांना जपतात आणि त्या जपण्यातच एकटे पडतात.

या जपण्याचा रीतसर अभ्यास झाला आहे. जेम्स कॉइन आणि डेव्हिड स्मिथ या अमेरिकन संशोधकांनी १९९१ साली हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांच्या बायकांबद्दल लिहिलं. नवऱ्याला त्रास नको म्हणून काळजी लपवायची, राग गिळायचा, वाद आला की माघार घ्यायची, हे जितकं जास्त, तितका त्या बायकांचा स्वतःचा मानसिक त्रास जास्त दिसला. पुढे शॅरन मॅन आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कॅन्सरच्या सुरुवातीच्या टप्प्यातली जोडपी अभ्यासली. २००६ च्या त्यांच्या लेखात दोन सवयी त्रासाशी जोडलेल्या आढळल्या: दोघांनीही विषय टाळणं, आणि एकानं विषय काढला की दुसऱ्यानं उठून जाणं. ही दुसरी सवय आपल्या ओळखीची आहे. बायकोनं "पुढे काय होणार हो?" म्हटलं, की नवऱ्याला नेमकं पाण्याच्या मोटरचं बटण बंद करायचं आठवतं.

डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली आली आणि मुंबईची वाट थोडी सोपी झाली. पण बोईसरहून दादरला जायला दीड-दोन तास लागतातच. रेडिएशन बहुधा आठवड्यातले पाच दिवस, काही आठवडे चालतं. रोजची ये-जा झेपत नाही, म्हणून अनेक कुटुंबं दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी राहतात. मग एक जण तिकडे, एक इकडे. तारापूरच्या एमआयडीसीत पाळी असेल तर रजा मोजून मिळते, आणि पगार तुटला तर औषधाचंच गणित तुटतं.

अशा वेळी संसार फोनवर येतो. "जेवलीस का?" "हो. तुम्ही?" "हो." "बरं वाटतंय ना?" "हो." संपलं. यात प्रेम नाही असं कोण म्हणेल? पण 'हो'शिवाय दुसरं उत्तर देता येणार नाही असेच हे प्रश्न आहेत. "आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" असं विचारलं, तर तोंडातल्या फोडांबद्दल तरी ऐकायला मिळतं. 'धीर धर' आणि 'पॉझिटिव्ह राहा' ही दोन वाक्यं तर काही दिवस बंदच ठेवावीत. ती ऐकली की रडणाऱ्याला वाटतं, आपण रडून चूक केली.

न बोलणाऱ्या माणसांसाठी एक साधन फार सोयीचं आहे. कॅन्सर रुग्णांच्या मनाकडे लक्ष देणारी वैद्यकशाखा जिमी हॉलंड या न्यूयॉर्कच्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी उभी केली. त्यांच्या पुढाकारातून १९९८ च्या सुमारास 'त्रासमापक' आला: थर्मामीटरचं चित्र आणि शून्य ते दहा आकडे. ते डॉक्टरांसाठी होतं, पण घरातही चालतं. "आज किती?" "सात." ज्या पुरुषाला 'मला भीती वाटते' म्हणणं जन्मात जमलं नाही, त्यालाही आकडा सांगता येतो.

समुपदेशक आणखीही साध्या गोष्टी करायला लावतात. एकानं पाच मिनिटं बोलायचं, दुसऱ्यानं सल्ला न देता फक्त ऐकलेलं परत सांगायचं. ओपीडीत जाण्याआधी दोघांनी आपापले प्रश्न वहीत लिहायचे, आणि तिचे प्रश्न तिनंच विचारायचे. फाइल नवऱ्याच्या हातात असली, की उत्तरही त्याच्याचकडे बघून दिलं जातं.

शरीराचा विषय मात्र वहीतही येत नाही. स्तन काढल्यानंतर नवरा वेगळा झोपतो, तिला दुखेल म्हणून. तिला वाटतं, त्याला किळस आली. स्पर्शानं किंवा एका ताटात जेवल्यानं कॅन्सर होत नाही, हे एकदा दोघांसमोर डॉक्टरांकडून वदवून घेतलेलं बरं. केमोनंतरच्या दिवसांत संबंधांबाबत कोणती काळजी घ्यायची, हे गर्दीच्या ओपीडीत विचारवत नसेल तर नर्सला किंवा समाजसेवा विभागात विचारावं. न बोललेलं अंतर वाढतं तेव्हा बाईलाच जास्त महाग पडतं. अमेरिकेत ५१५ गंभीर रुग्णांच्या पाहणीत (२००९) रुग्ण बायको असेल तर २०.८ टक्के जोडपी वेगळी झाली, रुग्ण नवरा असेल तर २.९ टक्के. आपल्याकडे सहसा घटस्फोटाचे कागद होत नाहीत. कधी कधी ती 'आरामाला' माहेरी जाते, इतकंच.

हे अंतर घरातल्या घरात मिटत नसेल, तर बोलायला बाहेरही जागा आहेत. डॉ. सुनंदा अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. १९९७ साली त्या कॅन्सरनं गेल्या. त्यांच्या मुक्तांगणात व्यसनी पुरुषांच्या पत्नींचा 'सहचरी' नावाचा गट चालतो, कारण आजारी माणसाच्या जोडीदारालाही बोलायला जागा लागते. कॅन्सरसाठी असं काम मुंबईत १९९४ पासून 'व्ही केअर' ही संस्था करते; कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी ती सुरू केली. बोईसरहून तिथे जाणं जमत नसेल तर सरकारची टेलिमानस सेवा आहे: १४४१६, विनामूल्य, मराठीतही. फोन रुग्णानंच करायला हवा असं नाही. नवऱ्यानं दुसरी पाळी सुटल्यावर रात्री उशिरा केला तरी चालतो. ती सेवा चोवीस तास सुरू असते.