दांतांची चिनीमाती
त, थ, द, ध, न, ल आणि स हे वर्ण दंत्य होत, असें आम्ही वर्गांत चाळीस वर्षें सांगत आलों. त्या वचनाची खरी प्रतीति मात्र गतवर्षीं पायरीवरून पडून पुढचा एक दांत अर्धा तुटला, तेव्हां आली. सायंकाळीं नातवंडांस स्तोत्रें शिकवितांना आमच्या सकाराबरोबर वारा सुटूं लागला आणि मुलें तोच सदोष उच्चार निष्ठेनें गिरवूं लागलीं! दांत सुधारणें हा आमच्या दृष्टीनें शृंगार नव्हे, कर्तव्यच झालें.

दंतवैद्यांनीं विचारलें, "गुरुजी, टोपी कोणत्या पदार्थाची करूं?" आम्ही निरुत्तर झालों. म्हणून टोप्या घडविणाऱ्या कारागिराकडेच जाऊन आम्हीं चौकशी केली.

हा विषय नवा नव्हे. हस्तिदंती कवळीस दुर्गंधि येते म्हणून फ्रान्समधील द्यूशातो नामक औषधविक्रेत्यानें १७७४ सालीं चिनीमातीची कवळी करविली. सांप्रत कारागिरापुढें मुख्यत्वें तीन पदार्थ असतात.

पहिलें, फेल्डस्पारचें पोर्सेलिन. त्याची पूड कालवून कुंचल्यानें थरावर थर चढवितात व भट्टींत भाजतात. भाजतांना तें सुमारें एक-तृतीयांश आकसतें, म्हणून दांत मुद्दाम मोठा घडवावा लागतो. खऱ्या दांताची झांक यांत उत्तम उतरते. परंतु वांकविणारा ताण तें अवघें ६० ते १०० मेगापास्कल सोसतें. यास्तव पूर्वीपासून त्याच्या आंत धातूचा आधार देतात. मात्र हिरडीपाशीं कधीं कधीं काळसर कडा दिसते.

दुसरें, लिथियम डायसिलिकेट. ही स्फटिकयुक्त कांच सुमारें ४०० मेगापास्कल सोसते व प्रकाशही आंत घेते.

तिसरें, झिरकोनिया. याची शक्ति ९०० ते १२०० मेगापास्कल. टोपी एक-पंचमांशानें मोठी कोरून सुमारें १५०० अंश सेंटिग्रेडवर भाजतात. तडा जाऊं लागतांच तेथील स्फटिक रूप पालटून फुगतात व तड्याचें तोंड दाबून धरतात. पण हा पदार्थ अधिक अपारदर्शक. पारदर्शकता वाढवावी, तों बळ घटतें. शिवाय तो खरखरीत राहिल्यास समोरचा दांत झिजवितो. म्हणून बसवितांना घासावा लागल्यास पुन्हां चकचकीत करून घ्यावा.

कारागीर म्हणाला, "गुरुजी, पुष्कळ चिठ्ठ्यांवर नुसती छटा लिहिलेली असते. माणूस रात्रीं दांत खातो काय, हें आम्हांस कोण सांगणार?" हें गाऱ्हाणें आम्हांस योग्य वाटलें. जो अति बळकट तोच उत्तम, असें नाहीं. दाढेवर भार असतो, पुढच्या दांतास प्रकाश हवा. तेव्हां टोपी कशाची, कां, आणि आपली संवय कोणती, हें रोग्यानेंच आधीं बोलावें.

आम्हीं लिथियम डायसिलिकेटची टोपी पत्करली. आमचा सकार आतां शुद्ध झाला आहे. धाकट्या नातीचा मात्र अद्याप नाहीं. गुरूचा दोष भट्टींत निघाला. शिष्येंत उतरलेला काढण्यास रोजचा पाठच हवा, आणि तो आम्ही देत आहों.