एकसष्ट प्रकृतीचें ज्येष्ठ मूल आणि पोथींतील अंकांचा ताळा

तरुणपणीं बीजगणिताची एक हस्तलिखित पोथी आमच्या हातीं आली होती. तींतील एका मोठ्या संख्येचा अंक चुकलेला दिसतांच आम्हीं तो खरडून शाईनें 'शुद्ध' केला. नकलकारानें तेथें काय लिहिलें होतें, तें आतां कोणासही सांगतां यावयाचें नाहीं. तशी चूक इतरांकडून होऊं नये, एवढ्याकरितां हें टिपण.

भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें सिद्धान्तशिरोमणि रचिला. चाळीसगांवाजवळील पाटणच्या शके ११२८ च्या शिलालेखावरून, त्यांचे नातू चांगदेव यांनीं आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याचें कळतें. पुढें विदर्भांतील दधिग्रामच्या घराण्यांतले कृष्ण दैवज्ञ यांनीं बीजगणितावर टीका लिहिली. ग्रंथ असा पिढ्यान्‌पिढ्या उतरला गेला. अंकांचे दोषही त्याबरोबर उतरले.

बीजगणितांत चक्रवालाचें एक उदाहरण आहे: कोणत्या संख्येचा वर्ग ६१ नें गुणून १ मिळविला असतां पूर्ण वर्ग होतो? लहानांत लहान उत्तर असें: कनिष्ठ मूल २२,६१,५३,९८० व ज्येष्ठ मूल १,७६,६३,१९,०४९. फ्रान्समध्यें फर्मा यानें इ. स. १६५७ मध्यें हाच ६१ चा प्रश्न युरोपांतील गणितज्ञांपुढें टाकिला.

ह्या संख्यांचें बीज २९,७१८ व ३,८०५ ह्या जोडींत आहे. पहिलीच्या वर्गाची दुप्पट करून १ मिळविला कीं ज्येष्ठ मूल येतें. दोहोंच्या गुणाकाराची दुप्पट म्हणजे कनिष्ठ. २९,७१८ ला ९ नें निःशेष भाग जातो, म्हणून कनिष्ठालाही जातो, आणि ज्येष्ठांत शेष १ उरतो.

ज्येष्ठाचा आणखी एक गुण असा. एकम्‌ स्थानापासून एकाआड एक अंक घेतले तर ९, ०, १, ६, ७ यांची बेरीज २३. उरलेल्या ४, ९, ३, ६, १ यांचीही २३. म्हणून ११ नें त्यास निःशेष भाग जातो.

आतां पोथी ताडून पाहूं. जुन्या वळणांत १ आणि ९ सारखे दिसतात. सहस्रस्थानापुढील १ च्या जागीं ९ पडला तर अंकांची बेरीज ४६ ची ५४ होते व नवाचा ताळा चुकतो. '३१' चे '१३' झाले तर बेरीज तीच राहते, नवाचा ताळा फसतो. पण एकाआड बेरजा २५ व २१ होतात. शून्य गळालें तर त्या २८ व १८ होतात. दोन्ही प्रसंगीं अकराचा ताळा दोष पकडतो. अनेक दोष एकमेकांस झांकीत असतील, तर मात्र वर्ग करूनच पाहिलें पाहिजे.

तथापि ताळ्यानें संख्येची शुद्धता कळते, पोथीचें वय कळत नाहीं. शुद्ध अंक एखाद्या जाणत्या नकलकारानें मागाहून सुधारलेलाही असेल. उलट दोन पोथ्यांत एकच विलक्षण चूक आढळली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून उतरल्याचा तो चांगला पुरावा होय. म्हणून संग्राहकांनीं पोथींतला अंक जसाच्या तसा ठेवावा, शुद्ध अंक वेगळ्या कागदावर लिहावा. चूकही साक्षीदार असते. तिचें तोंड बंद करण्याचा अधिकार आम्हांस नव्हता.

नंदनवन, नागपूर