इंटरनेट सुरू, पण ऑफिसचा प्रिंटर सापडेना! गोंधळ नेमका कुठे होतो?

संध्याकाळचे साडेपाच वाजलेत. पगारपत्रकांच्या प्रिंट काढायच्या आहेत आणि कॉम्प्युटर म्हणतोय, प्रिंटर सापडत नाही. प्रिंटर समोरच आहे, सुरू आहे. वायफाय आहे. यूट्यूबही चालतंय. मग कोणीतरी सुचवतं, ‘राउटर रिसेट करून टाका.’

इथेच जरा थांबायला हवं. राउटर बंद करून पुन्हा चालू करणं वेगळं आणि त्याच्या मागच्या छिद्रात पिन घालून रिसेट करणं वेगळं. रिसेट केल्यावर वायफायचं नाव, पासवर्ड, इंटरनेट कंपनीची सेटिंग्ज असं सगळंच पुसलं जातं. एका प्रिंटरपायी अख्खं ऑफिस ऑफलाइन! आणि अनेकदा बिघाड राउटरमध्ये नसतोच, तो असतो नावात.

नाव वेगळं, पत्ता वेगळा

नेटवर्कवरची उपकरणं एकमेकांना आयपी ॲड्रेसने ओळखतात. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२५. माणसांना असे आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण ‘अकाउंट्स-पीसी’ अशी नावं देतो. नावावरून पत्ता शोधण्याच्या या कामाला ‘नेम रिझोल्यूशन’ म्हणतात.

इंटरनेटवर हे काम डीएनएस करतं. पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये त्याचा आराखडा मांडला. त्याआधी अर्पानेट या नेटवर्कवरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची नावं एकाच फाइलमध्ये असत. त्या पद्धतीची आठवण म्हणून ‘होस्ट्स’ नावाची छोटी फाइल आजही तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे.

पण जगभराचं डीएनएस तुमच्या ऑफिसातल्या प्रिंटरला ओळखत नाही. त्यामुळे यूट्यूब चालतं आणि प्रिंटर सापडत नाही, यात विरोधाभास काहीच नाही.

मग घरातली नावं कोण सांगतं?

एक मार्ग म्हणजे राउटर. अनेक राउटर जोडलेल्या उपकरणांची यादी ठेवतात आणि विचारलं की पत्ता सांगतात.

दुसरा मार्ग म्हणजे एमडीएनएस. यात कॉम्प्युटर सगळ्या नेटवर्कला उद्देशून विचारतो, ‘हे नाव कोणाचं?’ आणि ज्याचं नाव असेल ते उपकरण स्वतःच उत्तर देतं. वर्गात हजेरी घ्यावी तसं. या नावांच्या शेवटी ‘डॉट लोकल’ असतं. विंडोजमध्ये एलएलएमएनआर आणि नेटबायोस या जुन्या पद्धतीही आहेत. नेटबायोसमध्ये नाव १५ अक्षरांपुरतंच चालतं.

शोध कसा घ्यायचा?

१. आधी पत्ता वापरून बघा. प्रिंटरच्या स्क्रीनवर नेटवर्क मेन्यूत किंवा राउटरच्या यादीत आयपी ॲड्रेस मिळतो. तो आकडा ब्राउझरमध्ये टाका. प्रिंटरचं पान उघडलं तर जोडणी ठीक आहे, घोळ नावाचा आहे.

२. मग नावाने पिंग करा. कमांड विंडोत ‘पिंग’ आणि पुढे नाव लिहा. ‘होस्ट सापडला नाही’ अशा अर्थाचा संदेश आला तर नाव ओळखलं गेलेलं नाही. पत्ता दिसला, पण उत्तर आलं नाही, तर नाव ओळखलं गेलंय. अडथळा फायरवॉलचा असू शकतो किंवा दिसलेला पत्ता जुना असू शकतो.

३. दोन्ही उपकरणं एकाच नेटवर्कवर आहेत ना? गेस्ट वायफायवरच्या उपकरणांना बहुतेकदा इतर उपकरणं दिसत नाहीत.

४. व्हीपीएन आणि ‘प्रायव्हेट डीएनएस’ थोडा वेळ बंद करा. हे सुरू असताना प्रश्न राउटरला न जाता थेट बाहेरच्या सर्व्हरला जाऊ शकतो आणि त्याला तुमचं नाव माहीत नसतं.

५. जुनी नोंद पुसा. राउटरने प्रिंटरला नवा पत्ता दिला असेल, तरी कॉम्प्युटर जुनाच धरून बसतो. विंडोजमध्ये ‘आयपीकॉन्फिग’ कमांडला ‘फ्लशडीएनएस’ हा पर्याय जोडला की साठवलेल्या नोंदी जातात. होस्ट्स फाइलमध्येही कोणी जुना पत्ता लिहून ठेवला नाही ना, ते बघा.

नाव मुद्दाम बंद केलेलं असेल तर?

हेही शक्य आहे. ‘हे नाव कोणाचं?’ या प्रश्नाला नेटवर्कवरचं कोणीही ‘माझंच’ असं खोटं उत्तर देऊ शकतं. एलएलएमएनआर आणि नेटबायोसचा असा गैरफायदा घेऊन हल्लेखोर लॉगिनची माहिती मिळवतात. म्हणून अनेक कंपन्या या पद्धती बंद ठेवतात. अशा ठिकाणी सेटिंग परस्पर सुरू करू नका, आयटी विभागाला विचारा.

कायमचा उपाय

राउटरमध्ये ‘डीएचसीपी रिझर्वेशन’ नावाची सोय असते. तिच्यामुळे प्रिंटरला दर वेळी तोच पत्ता मिळतो. मग प्रिंटर कॉम्प्युटरवर त्या पत्त्यानेच जोडून ठेवला की नाव सापडो न सापडो, प्रिंट निघते.

यातलं काहीच जमलं नाही, तरी पहिल्या दोन पायऱ्या वाया जात नाहीत. तंत्रज्ञाला फोनवर ‘नेट चालत नाही’ सांगण्याऐवजी ‘पत्त्याने सापडतो, नावाने सापडत नाही’ एवढं सांगा. त्याचं अर्धं काम तिथेच होतं आणि पिन शोधायची वेळ येत नाही.