‘नापास होणार’ हे भाकीत कितपत खरं?

साकीनाक्यात राहून बी.एस्सी. नर्सिंग करणाऱ्या मुलीला इथं काम करायला वेगळी परवाना परीक्षा नसते. नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाची परीक्षा पास व्हायची आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करायची. सरकारी भरतीची परीक्षा निराळी. परवाना परीक्षेशी गाठ पडते ती अमेरिकेला जायचं ठरल्यावर. एनक्लेक्स नावाची ही परीक्षा मुंबईतही देता येते. तिच्या तयारीत एक समजूत हमखास भेटते: सराव परीक्षेचे गुण पाहून पास-नापास आधीच सांगता येतं.

अर्धी समजूत खरी आहे. चांगले गुण मिळवणारे बहुतेक पास होतात. पण अमेरिकेत शिकलेल्यांपैकी पहिल्याच प्रयत्नात सुमारे ८९ टक्के पास होतात (२०२३). म्हणजे डोळे मिटून ‘सगळे पास’ म्हणणाराही ८९ टक्के अचूक ठरेल! खरी कसोटी नापास होणारे ओळखण्यात आहे. हजार जणांत ११० नापास होणार असं धरू. सराव परीक्षेनं त्यांतले ७० टक्के, म्हणजे ७७ जण हेरले आणि पास होणाऱ्या ८९० पैकी फक्त १० टक्क्यांवर, म्हणजे ८९ जणांवर, चुकून शिक्का मारला, तर ‘नापास’ ठरवलेल्या १६६ जणांत निम्म्याहून जास्त प्रत्यक्षात पास होणारेच निघतात. स्परलॉक आणि हंट या संशोधकांनी २००८ मध्ये अशाच एका चाचणीबद्दल हा प्रश्न उपस्थित केला होता. शिवाय परदेशात शिकलेल्यांचं पास होण्याचं प्रमाण बरंच कमी असतं, त्यामुळे अमेरिकी विद्यार्थ्यांवर बेतलेले आकडे इथल्या मुलींना जसेच्या तसे लावणं चूकच.

मग सराव परीक्षा निरुपयोगी का? मुळीच नाही. औषधांचा भाग कच्चा आहे की बालरुग्णांचा, हे ती सांगते. आक्षेप आहे तो तिला फाटकावरचा पहारेकरी करण्याला. अमेरिकेच्या नॅशनल लीग फॉर नर्सिंगनंही २०१२ मध्ये एकाच चाचणीवर विद्यार्थ्याचं भवितव्य ठरवू नये, असं बजावलं.

‘एनक्लेक्समध्ये ८५ प्रश्नांवर संगणक थांबला म्हणजे पास’ हाही असाच भ्रम. प्रश्न ८५ ते १५० असतात. निकालाची पुरेशी खात्री झाली की परीक्षा थांबते, पास होणाऱ्याची आणि नापास होणाऱ्याचीही. नापास झालेल्याला कोणत्या विभागात कमी पडलो याचा अहवाल मिळतो आणि ४५ दिवसांनंतर पुन्हा बसता येतं.