मोबाइलमधला ढोल जातो कुठं?

होळीचा व्हिडिओ फोनवर लावला की ढोलाची नुसती टकटक ऐकू येते. त्याचा घुमारा परत आणायला डीजेची भिंत लागत नाही. सहा-सहा लिटरची दोन खोकी पुरतात आणि ती घरी बनवता येतात!

एक प्रयोग करा. तुमच्या फोनमध्ये होळीचा एखादा तरी व्हिडिओ असेलच. नंदुरबार जिल्ह्यात राहायचं आणि तो नाही, असं कसं होईल? कुणी अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीची राजवाडी होळी शूट केलेली असते, कुणी धडगावकडचा भोंगऱ्या बाजार. तो व्हिडिओ लावा आणि डोळे मिटून फक्त ऐका.

घुंगरू ऐकू येतात. बासरी ऐकू येते. माणसांचा गलका तर येतोच येतो. आणि ढोल? काठी चामड्यावर आपटल्याची टकटक तेवढी येते. ज्या घुमण्यावर लोक रात्रभर नाचतात, ते घुमणंच गायब.

आता त्याच व्हिडिओला बरा हेडफोन लावून बघा. ढोल आहे की! म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये तो आलेला आहे. फोनचा स्पीकर तो बाहेर सोडत नाही. कारण साधं आहे. आवाज जितका खालचा, तितकी जास्त हवा हलवावी लागते. मोठ्या ढोलाचा घुमारा शंभर हर्ट्झच्या आसपास आणि त्याच्याही खाली असतो. नखाएवढा स्पीकर तिथवर पोचतच नाही.

दुसऱ्या टोकाला आहे आपल्या लग्नांमधली डीजेची भिंत. तिथं छाती हादरते, पण गाणाऱ्याचे शब्द कळत नाहीत. भिली, पावरी, मावची, अहिराणी गाणी आपण आज ऐकतो ती बहुतेक या दोनच ठिकाणी. एका ठिकाणी ढोल नाही आणि दुसऱ्या ठिकाणी ढोलाशिवाय काही नाही. आज पाच-सहा वर्षांचं असलेलं पोर फोनवरच ही गाणी ऐकत मोठं झालं, तर ढोल म्हणजे टकटक असंच त्याला वाटेल ना?

या दोन्हींच्या मधली एक जागा आहे. स्वतः बनवलेली छोट्या स्पीकरची जोडी.

खोकं कशाला हवं?

आपण ज्याला स्पीकर म्हणतो त्याची रचना शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. १९२५ मध्ये अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या इंजिनिअरांनी तिच्यावरचा शोधनिबंध मांडला. मॅग्नेट, त्याच्या फटीत तारेची कॉइल आणि कॉइलला चिकटलेला कागदाचा कोन. तारेतून वीज गेली की कॉइल पुढं-मागं हलते, तिच्यासोबत कोन हलतो आणि कोन हवा ढकलतो. बस्स, एवढंच.

गंमत पुढं आहे. कोन पुढं आला की समोरची हवा दाबली जाते, पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. स्पीकर उघडाच असेल तर समोरची हवा कडेनं वळून मागं पळते आणि हिशोब शून्य होतो. वरच्या सुरांच्या लहरी छोट्या असतात, त्यांना फारसा फरक पडत नाही. पण पन्नास हर्ट्झची एक लहर जवळपास सात मीटर लांब असते. ती सगळी वाया जाते.

खरं वाटत नाही? जुन्या टीव्हीतला किंवा रेडिओतला स्पीकर हातात धरून गाणं वाजवा. मग मोठ्या पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा आणि स्पीकर त्यावर दाबून धरा. तेच गाणं एकदम भरीव होतं. पुठ्ठ्यानं पुढची आणि मागची हवा वेगळी केली. खोकं हेच काम नीट करतं, म्हणून ते शोभेचं नाही. अर्धा स्पीकर म्हणजे खोकंच.

तीन आकडे माहीत हवेत

खोकं केवढं हवं? पूर्वी याचं उत्तर अंदाजानंच मिळायचं. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढं रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकात याचं गणित बसवलं. त्यामुळं आज लाकूड कापायच्या आधीच कागदावर समजतं की खोक्यातून आवाज कसा येईल.

त्यासाठी स्पीकरचे तीन आकडे लागतात. पहिला एफएस, म्हणजे स्पीकर स्वतःहून ज्या सुराला सगळ्यात सहज हलतो तो सूर. दुसरा क्यूटीएस, म्हणजे तो हललेला कोन किती पटकन आवरला जातो. तिसरा व्हीएएस, म्हणजे कोनाची लवचिकता किती लिटर हवेइतकी आहे. चांगल्या कंपनीच्या स्पीकरसोबत हे आकडे छापील मिळतात. ते विनआयएसडीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये भरा, आलेख समोर येतो.

जुन्या स्पीकरचे आकडे कुठून आणायचे? मोजायचे. एफएस तर कॉलेजच्या लॅबमध्ये अर्ध्या तासात मिळतो. अॅम्प्लिफायर आणि स्पीकर यांच्यामध्ये शंभर ओहमचा रेझिस्टर जोडा, आवाज बारीक ठेवा आणि फोनवरच्या टोन जनरेटरनं वीस हर्ट्झपासून हळूहळू वर चढा. स्पीकरच्या दोन टोकांवर मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावलेला असू द्या. ज्या हर्ट्झला आकडा सगळ्यात वर जाईल तो एफएस. व्हीएएस काढायला कोनावर थोडी माती चिकटवून एफएस किती उतरतो ते बघायचं असतं. त्या मातीचं वजन मात्र अचूक हवं. सोनाराच्या काट्यावर करून घ्या!

हा एफएस काढल्याशिवाय पुढं जाऊ नका. टीव्हीतल्या छोट्या स्पीकरचा एफएस शंभराच्या वर निघाला तर कितीही सुंदर खोकं बांधा, त्यातून ढोल निघणार नाही. कारच्या दरवाजातले स्पीकर भंगारात स्वस्त मिळतात, पण ते दरवाजाच्या मोठ्या पोकळीसाठी बनलेले असतात. छोट्या खोक्यात त्यांचा आवाज अनेकदा फुगतो.

सहा लिटरची जोडी

समजा, सत्तर हर्ट्झच्या आसपास एफएस असलेला चार इंची फुलरेंज स्पीकर मिळाला. फुलरेंज म्हणजे खालपासून वरपर्यंत सगळं एकच स्पीकर वाजवतो. पहिल्या जोडीसाठी हाच बरा, कारण क्रॉसओव्हरची भानगड नाही. आकडे जुळत असतील तर सहा लिटरचं खोकं चालून जातं. आतून मापं घ्या पंधरा सेंटीमीटर रुंद, सोळा खोल, पंचवीस उंच. गुणाकार करा, बरोबर सहा हजार घनसेंटीमीटर, म्हणजे सहा लिटर.

आता युक्ती. खोक्याला एक नळी बसवायची. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती ठरावीक सुरात घुमते, तेच तत्त्व. आतून ३.६ सेंटीमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप साधारण साडेनऊ सेंटीमीटर लांब ठेवला, तर सहा लिटरचं हे खोकं ६५ हर्ट्झच्या आसपास घुमतं. कोन जिथं दमायला लागतो, तिथं नळीतली हवा कामाला लागते. नळी लांब केली की सूर खाली जातो, आखूड केली की वर. म्हणून आधी थोडी लांबच कापा. जास्तीची कापता येते, कमी पडली तर जोडता येत नाही.

बारा मिलिमीटरचा एमडीएफ घ्या. फर्निचरवाल्याकडं तुकडे उरलेले असतात आणि त्याच्याच मशीनवर कापून घेतले तर कडा सरळ येतात. तोंडाला रुमाल बांधा, एमडीएफची भुकटी छातीत जाते. सांध्यांना सुतारकामाचा गोंद भरपूर लावा. कुठंही फट राहिली तर तिथून फुसफुस येते.

आतल्या भिंतींना अस्तर लागतं, नाहीतर आवाज डब्यात बोलल्यासारखा येतो. खान्देशात कापसाला काय तोटा? जुन्या गादीतला पिंजलेला कापूस पातळ कापडात शिवून भिंतींना लावा. नळीचं तोंड तेवढं मोकळं सोडा.

वॅटच्या मागं लागू नका

बाजारात छोट्याशा डब्यावर हजारो वॅट पीएमपीओ लिहिलेले असतात. त्या आकड्याला काही अर्थ नाही. आरएमएस वॅट बघा आणि त्याहून आधी सेन्सिटिव्हिटी बघा. एखादा स्पीकर एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८६ डेसिबल देत असेल, तर दोन वॅटवर ८९ देतो, चार वॅटवर ९२. दर तीन डेसिबलला वॅट दुप्पट. कानाला आवाज दुप्पट वाटायला मात्र साधारण दहापट वॅट लागतात. म्हणजे दहा-दहा वॅटचा अॅम्प्लिफायर आपल्या खोलीला पुरून उरतो.

हा आकड्यांचा मोह मोठमोठ्यांना पडलेला आहे. मूळचे बंगाली असलेल्या वडिलांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेल्या अमर बोस यांनी १९५६ मध्ये कागदावरचे गुण बघून महागडी स्टिरिओ सिस्टिम घेतली. घरी आणून ऐकली तर साफ निराशा. असं का झालं, याचाच त्यांनी अभ्यास केला आणि १९६४ मध्ये बोस कंपनी सुरू केली.

आपल्याला क्लास-डी प्रकारचा छोटा अॅम्प्लिफायर बोर्ड घ्यायचा आहे. इथं नाही मिळाला तर ताप्ती लाइनची गाडी सुरतेला जातेच, मुंबईला गेलात तर लॅमिंग्टन रोड आहे. हा बोर्ड बारा व्होल्टवर चालतो, त्यामुळं सातपुड्यातल्या पाड्यावर लाइट गेली तरी बॅटरीवर गाणं थांबत नाही. घरच्या २३० व्होल्टशी स्वतः खेळू नका. तयार अॅडॉप्टर वापरा.

कान लावून तपासा

जोडणी झाली, पण आवाज पोकळ येतोय? एका स्पीकरच्या तारा उलट लागल्या असणार. एक कोन पुढं येताना दुसरा मागं जातो आणि ढोल पुन्हा गायब! दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून बघा. सेलचं प्लस स्पीकरच्या प्लसला लागल्यावर दोन्ही कोन बाहेर यायला हवेत.

मग जागा. दोन्ही स्पीकर कानाच्या उंचीवर, तुमच्यापासून सारख्या अंतरावर. भिंतीजवळ सरकवले की खालचे सूर वाढतात, कोपऱ्यात ढकलले की आणखी वाढतात. जिथं ढोलही घुमतो आणि शब्दही कळतात, तिथं थांबा.

एक गोष्ट मोकळेपणानं सांगायला हवी. या जोडीतून छाती हादरणार नाही, मैदानही भरणार नाही. ती एका खोलीसाठी आहे. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांमध्येच आहे. आपल्याला शेजाऱ्यांना नाही, स्वतःला ऐकवायचंय.

मास कॉमला आम्ही कॅमेऱ्यावर जितका वेळ देतो, त्याच्या पावपटही आवाजावर देत नाही. तुमच्या कॉलेजातही फिजिक्सची लॅब असेल, मल्टिमीटर असेल. वर्गातल्या कुणाचे तरी वडील सुतारकाम करत असतील, कुणाचे तरी मामा ढोल वाजवत असतील. चौघं जमलात तर एका सुट्टीत जोडी उभी राहते.

ती तयार झाली की आलेख बाजूला ठेवा आणि त्या मामांना बोलवा. त्यांच्याच ढोलाचं रेकॉर्डिंग लावा. त्यांनी मान हलवली तर खोकं जमलं. नाही हलवली तर नळी काढा, थोडी कापा, पुन्हा लावा.